शाळेच्या सुरक्षेवरची सरकारी देखरेख: भाग सुटे करून पाहिलेली एक सेवा

शाळेत मूल सुरक्षित राहावं म्हणून शिक्षण खातं जी देखरेख ठेवतं, ती पालकांच्या बाजूने पाहिली तर एक सेवाच आहे. तिचे पैसे करातून जातात, ती निवडता येत नाही आणि ती चालते की नाही हे बहुधा काही विपरीत घडल्यावरच कळतं. म्हणून ती आधीच, एकेक भाग वेगळा काढून तपासलेली बरी.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला आजचं रूप मुख्यतः २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने दिलं. बदलापुरात बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाला, संतापलेले लोक २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी हा निर्णय निघाला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या नव्हत्या. तक्रारपेटीचं परिपत्रक ५ मे २०१७ चं होतं, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेकडे पाहणाऱ्या सखी सावित्री समितीचा निर्णय १० मार्च २०२२ चा. दोन्ही कागदावर असताना ही घटना घडली. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी या निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली, आणि मे २०२५ मध्ये आणखी सविस्तर सूचना आल्या. थोडक्यात, नियमांचा तुटवडा नाही.

या सेवेबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. जिथे नियमाने एखाद्या माणसाला जबाबदार धरलं आहे आणि त्याला मुदत घालून दिली आहे, तिथे ती बऱ्यापैकी काम करते. जिथे फक्त वस्तू बसवायला सांगितली आहे, तिथे वस्तू बसते आणि काम संपतं.

सीसीटीव्ही हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. निर्णयात महिन्याभराची मुदत होती, कॅमेरे न बसवल्यास अनुदान रोखण्याची किंवा मान्यता काढण्याची तंबी होती आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासावं असंही होतं. कॅमेरे लागले. पण शाळांनी ते घेतले कसे, हे कोटेशन उघडून पाहिलं की कळतं. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ या चित्र दाबून साठवायच्या पद्धतीने, २ एमबीपीएस वेगाने दिवसरात्र रेकॉर्ड करत असेल तर चोवीस तासांत साधारण २१ जीबी जागा घेतो. १६ कॅमेऱ्यांचे रोजचे ३४५ जीबी झाले. कोटेशनमध्ये २ टीबीची हार्ड डिस्क असेल तर ती सहाव्या दिवशी भरते आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, मुकाट्याने जुन्यावर नवं लिहू लागतं. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर १० टीबीच्या वर जागा लागते. हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल असं सेटिंग केलं तर निम्म्यातही भागतं, पण मग संवेदनशीलता नीट जुळवावी लागते. नाहीतर अंधाऱ्या बोळातली हालचाल कॅमेरा हालचाल म्हणून धरतच नाही.

हा हिशेब एवढा महत्त्वाचा का? लहान मूल घरी येऊन त्याच दिवशी सगळं सांगत नाही. आधी शाळेत जायला नको म्हणतं, पोटात दुखतं म्हणतं, लघवीला जाताना रडतं. पालकांच्या लक्षात यायला आठवडा, दोन आठवडे जातात. तोवर सहा दिवसांचं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलेलं असतं. बदलापूरच्या शाळेतलं पंधरा दिवसांचं फुटेज नसल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. तरीही पाहणीच्या तक्त्यात प्रश्न असतो: ‘सीसीटीव्ही आहे का? होय/नाही.’ डिस्क किती टीबीची आणि मागचं किती दिवसांचं दिसतं, हे दोनच रकाने वाढवले तर अर्ध्या शाळांची खरी स्थिती एका दिवसात बाहेर येईल.

आणखी तीन गोष्टी नेहमी चुकतात. शाळा सुटली की शिपाई मेन स्विच पाडतो, त्यामुळे संध्याकाळच्या जादा तासांना आणि रविवारच्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांना कॅमेरे बंद असतात. डीव्हीआरला वेगळी लाइन आणि छोटा यूपीएस दिला की हे सुटतं. दुसरं म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ. ते वीस-पंचवीस मिनिटं मागेपुढे असेल तर हजेरीपटाशी वेळ जुळत नाही आणि न्यायालयात बचाव पक्षाला आयतं कोलीत मिळतं. तिसरं, कॅमेऱ्यांच्या जागा. प्रवेशद्वार, मैदान, मुख्याध्यापकांचा व्हरांडा इथे कॅमेरे असतातच. स्वच्छतागृहाच्या दाराबाहेरचा बोळ, जिन्याचं वळण, मागचं गेट, पाण्याच्या टाकीमागची जागा आणि बस उभी राहते ती बाजू मात्र सुटते. स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा कधीच नको, पण दारातून कोण आत गेलं आणि किती वेळाने बाहेर आलं हे दिसलंच पाहिजे.

आठवड्यातून तीनदा फुटेज तपासायचं कलम कागदावर चांगलं वाटतं, प्रत्यक्षात मात्र फसतं. १६ कॅमेरे आणि सात तासांची शाळा म्हणजे एका दिवसाचंच ११२ तासांचं रेकॉर्डिंग. ते कुणीच पाहू शकत नाही, म्हणून रजिस्टरवर ‘तपासले, आक्षेपार्ह नाही’ अशी एकाच पेनाने, एकाच हाताने केलेली महिनाभराची नोंद सापडते. यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. वर्ग चालू असतानाच्या वेळेत फक्त बोळ, जिना आणि मागचं गेट हे तीनच कॅमेरे आठपट वेगाने पाहायचे, आणि कुठला कॅमेरा, कुठली वेळ पाहिली ते लिहायचं. तिन्ही चित्रं एकत्र लावली तर एवढं तासाभरात होतं.

एखादी तक्रार समोर आली, तर पालकांनी त्याच दिवशी शाळेला लेखी पत्र द्यावं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं रेकॉर्डिंग पुसू नये, डीव्हीआर बंद करून जपून ठेवावा. पोच घ्यावी. पुढे पोलीस पंचनामा करून डीव्हीआर ताब्यात घेतात आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) प्रमाणपत्र जोडलं जातं. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेली क्लिप पुरावा म्हणून लंगडी पडते. शिवाय ती व्हॉट्सॲपवर फिरली तर मुलाची ओळख उघड होते, आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ खाली तोच वेगळा गुन्हा आहे.

तक्रारपेटीची कल्पना मुळात चांगली आहे. दर्शनी जागी पेटी, आठवड्यातून एकदा उघडायची, उघडताना पोलीस, पालक, व्यवस्थापन आणि विद्यार्थी यांचे प्रतिनिधी समोर हवेत. ती वापरली गेली नाही तर जबाबदारी मुख्याध्यापकांची. पण बहुतेक शाळांत ही पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, नेमकी कॅमेऱ्याच्या खाली टांगलेली असते. सातवीतल्या मुलीने मान वर केली की तिला कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसतो. ती त्यात चिठ्ठी टाकेल कशी? चिठ्ठी टाकलीच तर अक्षरावरून कोण हे वर्गशिक्षकांना ओळखता येतं. वर्षभर पेटीत काही निघालं नाही की अहवालात ‘तक्रारी निरंक’ असं अभिमानाने लिहिलं जातं. शेकडो मुलांच्या शाळेत पेटी वर्षभर रिकामी राहिली, तर पेटीत दोष आहे असं धरून चौकशी व्हायला हवी. पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर असावी. दोन कुलपं असावीत, एक किल्ली शाळेकडे आणि दुसरी पालक प्रतिनिधीकडे. उघडण्याचा वार फळ्यावर लिहिलेला असावा. आणि ही सोय चौथीच्या पुढच्या मुलांसाठीच आहे, हे मान्य करावं. बालवाडीतलं मूल लिहीत नाही. त्याच्यासाठी शौचाला सोबत जाणारी ओळखीची बाई हीच खरी सोय. पूर्व प्राथमिक ते सहावीसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमण्याची सूचना निर्णयात आहे. त्यातल्या ‘शक्यतो’ या शब्दात मात्र भलतीच मोठी पळवाट आहे.

सखी सावित्री समितीत महिला शिक्षिका, समुपदेशक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, महिला पालक, ग्रामपंचायतीच्या महिला सदस्य आणि विद्यार्थी असावेत अशी योजना आहे. रचना छान आहे, कारण निम्मी माणसं शाळेच्या पगारावर नाहीत. नावांचा फलकही बहुतेक ठिकाणी लागलेला असतो. त्या फलकावरच्या डॉक्टरबाईंना किंवा सेविकाताईंना एकदा विचारून पाहा, आपण सदस्य आहोत हे त्यांना ठाऊक आहे का आणि शेवटच्या बैठकीला त्या होत्या का. इतिवृत्तावरच्या सह्यांचा खरेपणा तिथेच कळतो.

कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी हा भाग गैरसमजांनी भरलेला आहे. पोलिसांचं प्रमाणपत्र म्हणजे त्या तारखेपर्यंत, त्या नावावर आणि दिलेल्या पत्त्यावर गुन्ह्याची नोंद आढळली नाही, एवढंच. माणूस भला आहे असं ते सांगत नाही. खरी गळती कंत्राटी कामगारांत आहे. एजन्सी प्रमाणपत्र एकाचं जोडते आणि तो रजेवर गेला की ‘बदली’ म्हणून दुसराच पाठवते. गेटवर विचारणारा कुणी नसतो. बदलापूरचा आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता आणि त्याला कामावर लागून पंधरा दिवसही झाले नव्हते. म्हणून शाळेने करारातच लिहून घ्यावं की पडताळणी झालेली नाही असा बदली माणूस आत येणार नाही. गेटवरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक कामगाराचा फोटो, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख चिकटवलेली असावी. पॉक्सो नियम २०२० मध्ये ही पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा करायची आहे. एकदा केली आणि फाइलला लावली, असं चालत नाही.

आता देखरेखीचा कणा, म्हणजे अधिकाऱ्यांची शाळाभेट. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, वर उपसंचालक आणि आयुक्त अशी उतरंड आहे. प्रत्यक्षात शाळेच्या दारापर्यंत येतात ते केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट पाहणारे अधिकारी. त्यांच्याकडे अनेक शाळा, रिक्त पदांमुळे बरेचदा शेजारच्या केंद्राचाही कार्यभार, आणि भेटीत पोषण आहाराचा साठा, पटसंख्या, यू-डायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन नोंदीची माहिती हेच आधी पाहायचं असतं. सुरक्षेची माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून मागवली जाते, वर ‘आज दुपारी बारापर्यंत’ अशी ताकीद. शाळा स्वतःबद्दल स्वतःच भरून देते, तालुका त्याची बेरीज करतो, जिल्हा वर पाठवतो. या साखळीत कुणी काही डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. या भागाला या सेवेत सर्वांत कमी गुण द्यावे लागतील. दोष केंद्रप्रमुखांचा नाही. एका माणसावर एवढं काम टाकून वर सुरक्षेचा तक्ताही त्याच्याच माथी मारला तर दुसरं काय होणार?

भेट देणाऱ्याकडे अर्धा तासच असला तरी चार गोष्टी होऊ शकतात. डीव्हीआरवर वीस दिवसांपूर्वीची तारीख टाकून चित्र येतं का ते पाहायचं. मागच्या गेटला मधल्या सुट्टीत कुलूप आहे का, ते पाहायचं. गेटवरच्या रजिस्टरमधले फोटो त्या दिवशी हजर असलेल्या माणसांशी ताडून पाहायचे. आणि शिक्षक समोर नसताना चार-पाच मुलांना विचारायचं: काही वाईट वाटलं तर इथे कुणाला सांगता येतं? मुलांनी कुणाचं तरी नाव घेतलं तर शाळेत काहीतरी बरं चाललंय.

बालवाड्यांची गोष्ट तर आणखी विचित्र. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाचा. त्यामुळे खासगी नर्सरी, ज्युनिअर-सिनिअर केजी यांच्यावर शिक्षण खात्याचा हात वर्षानुवर्षं नव्हताच. सदनिकेच्या तळमजल्यावर खोली घेतली, भिंतीला फुलपाखरं रंगवली की शाळा सुरू. सर्वांत लहान, सर्वांत कमी बोलणारी मुलं नेमकी इथेच. २०२५ मध्ये खात्याने या केंद्रांची माहिती ऑनलाइन नोंदवायला घेतली. ही सुरुवात चांगली आहे, पण नोंदणीचा क्रमांक म्हणजे तपासणी झाली असं नाही. प्रवेश घेताना स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहावं, आणि मुलाला तिथे कोण नेतं हे नावानिशी विचारावं.

या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत दणकट भाग शिक्षण खात्याचा नाहीच, तो पॉक्सो कायद्याचा आहे. कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तर कुणीही असो, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘आधी अंतर्गत चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल’ असं म्हणणारा मुख्याध्यापक तिथेच गुन्हा करत असतो. बदलापुरात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. शासन निर्णयातलं, शाळेने २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं कलम याच्या जोडीला आहे, त्याच्या बदल्यात नाही. पोलिसांकडे आधी जायचं.

पोलीस ठाण्यात काय होतं, इकडे पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. दिलेली माहिती लिहून घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा आणि ती वाचून दाखवायची, हे कायद्यात आहे. नोंद न करणारा पोलीसही त्याच कलम २१ खाली येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनीच, पालकांसमोर करायची आणि गुन्हा नोंदवायच्या आधीही ती करता येते. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. बदलापुरात पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि त्यावरून पोलिसांचंही निलंबन झालं. ठाण्यात नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे टपालाने पाठवावी, पोचपावती जपावी.

१०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, २०२३ पासून तो सरकारच्या हाती आणि ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडलेला आहे. आत्ता, या क्षणी मूल धोक्यात असेल तर उपयोगाचा. बोलताना मुलाचं वय, शाळेचं नाव, तालुका आणि मूल सध्या कुणाजवळ आहे हे आधी सांगावं, आणि फोन ठेवण्यापूर्वी नोंद क्रमांक मागून घ्यावा. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची पॉक्सो ई-बॉक्स ही २०१६ पासूनची ऑनलाइन पेटी चित्रं निवडून तक्रार करू देते, मोठ्या मुलांना जमते. पण ती पोलिसांची जागा घेत नाही.

बसबद्दल थोडक्यात. २०११ च्या राज्य नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, तिच्यात वाहतूक पोलीस आणि आरटीओचे निरीक्षकही असतात. बसची फिटनेस तपासणी शाळेबाहेरचा माणूस करतो, म्हणून हा भाग त्यामानाने बरा. पालकांनी परस्पर ठरवलेल्या व्हॅन आणि रिक्षा मात्र या जाळ्यातून सुटतात. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकला की फिटनेस आणि विमा कुठवर आहे ते दिसतं. शेवटच्या थांब्यानंतर मदतनीस बाई मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन पाहतात का, हेही विचारावं. झोपलेलं मूल गाडीतच राहून जाण्याची भीती तिथे असते.

आगीसाठी राज्याच्या २००६ च्या कायद्याने परवानाधारक एजन्सीकडून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये ९४ मुलं होरपळून गेली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले, तरी अग्निशामक सिलिंडर भिंतीला आणि बाहेर पडायच्या दुसऱ्या दाराला कुलूप, हे दृश्य अजून दिसतं. जिल्हा परिषदेच्या जुन्या इमारतींचा प्रश्न वेगळा. धोकादायक खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव व्यवस्थापन समितीच्या ठरावापासून उपअभियंत्यांच्या दाखल्यापर्यंत आणि तिथून जिल्हा परिषदेपर्यंत फिरत राहतो आणि तोवर पाऊस येतो. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात २५ जुलै २०२५ ला शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली, त्यानंतर केंद्राने सर्व राज्यांना सुरक्षा तपासणी करायला सांगितलं. निर्लेखनात अडकलेल्या खोलीला कुलूप लावून दारावर तारखेसह पाटी लावायला कुणाच्याही मंजुरीची गरज नाही.

शाळा दाद देत नसेल तर माहिती अधिकार हे पालकांच्या हातातलं सर्वांत स्वस्त साधन. अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. शाळा खासगी असली तरी खातं कायद्याने तिच्याकडून जी माहिती मागवू शकतं ती या मार्गाने मिळते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून विषय तोडून वेगवेगळे अर्ज करावेत: एक सखी सावित्री समितीच्या वर्षभरातल्या इतिवृत्तांच्या प्रतींसाठी, एक तक्रारपेटी उघडल्याच्या नोंदींसाठी, एक त्या शाळेला दिलेल्या भेटींच्या तारखा आणि शेऱ्यांसाठी. ‘सुरक्षेसाठी काय केलं?’ असं विचारलं तर शासन निर्णयाचीच झेरॉक्स घरी येते. नेमका दस्तऐवज आणि नेमका कालावधी लिहावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करता येतं.